बारा वर्षं पूर्ण व्हायच्या आत

प्रश्न थोडक्यात असा होता : सहा-सात वर्षांची मुलगी मध्ययुगात ‘राणी’ व्हायची म्हणजे नेमकं काय व्हायचं? ती दिवसभर करायची काय, नवऱ्याशी तिचं नातं कसलं, आणि तिला स्वतःचं मत होतं की ती नुसतं प्यादं होती?

‘प्यादं’ हा शब्द मी गेली चोवीस वर्षं उत्तरपत्रिकांमधून वाचते आहे. मध्ययुगीन युरोपचा पेपर तपासायला बसलं की दर तिसऱ्या उत्तरात एक राजकन्या ‘राजकारणाच्या पटावरील प्यादे’ असते आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळलेला असतो. चूक आहे असं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. प्यादं कोणी हलवलं, कधी हलवलं, आणि त्याच दिवशी का हलवलं, हे विचारायला लागलं की खरी गोष्ट दिसायला लागते. म्हणून सगळ्या राण्यांबद्दल गोळाबेरीज बोलण्याऐवजी एकच मुलगी घेते. व्हालवा घराण्याची इझाबेला, इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डची दुसरी बायको.

आधी एक चित्र डोक्यातून काढून टाका. शेक्सपिअरच्या नाटकात रिचर्डची राणी चांगली जाणती बाई आहे. लंडनच्या रस्त्यात ती पदच्युत नवऱ्याचा निरोप घेते, दोघं भरभरून बोलतात. रंगमंचावर ते शोभतं. प्रत्यक्षात रिचर्डची सत्ता गेली तेव्हा राणीला दहावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं, आणि अशी भेट झालीच नाही.

इझाबेलाचा जन्म 9 नोव्हेंबर 1389चा, पॅरिसमधला. बाप फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स, आई बव्हेरियाची इझाबो. ती तीन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, ऑगस्ट 1392मध्ये, बापाला वेडाचा पहिला झटका आला. ल मां शहराजवळच्या वाटेवर त्याने आपल्याच माणसांवर तलवार चालवली. पुढे आयुष्यभर त्याचं असंच चाललं : काही महिने शुद्धीवर, काही महिने नाही. आपण काचेचे आहोत आणि कोणी हात लावला तर फुटू, असंही त्याला कधी कधी वाटायचं. ही मुलगी मोठी होत होती ते घर असं होतं.

तिकडे इंग्लंडात जून 1394मध्ये रिचर्डची पहिली बायको, बोहेमियाची ॲन, वारली. रिचर्डचा तिच्यावर इतका जीव की ती जिथे गेली तो शीनचा राजवाडा त्याने पाडून टाकायला लावला. मूलबाळ नव्हतं. अशा वेळी कुठलाही शहाणा कारभारी म्हणेल, विशीतली धडधाकट मुलगी बघा, वारस होऊ द्या. रिचर्डने पसंत केली ती सहा वर्षांची मुलगी. आक्षेप घेणाऱ्यांना त्याने काय उत्तर दिलं ते बखरकार फ्रुआसार सांगतो. भावार्थ असा : वय कमी असणं हा दोष रोज थोडा थोडा आपोआप कमी होतो, आणि लहान आहे तर आमच्या रीतीभाती शिकवता येतील.

हे वाचून आजचा माणूस दचकतो, आणि दचकायला हवंच. पण रिचर्डला त्या घडीला बायको हवी नव्हती, शांतता हवी होती. फ्रान्सशी युद्ध सुरू होऊन साठेक वर्षं होत आली होती, तिजोरी रिकामी होती, आणि युद्धाला चटावलेले त्याचे काका-सरदार त्याच्या मानेवर बसले होते. लग्नासोबत 28 वर्षांचा तह झाला. हुंडा ठरला आठ लाख फ्रँक : तीन लाख लग्नाच्या वेळी रोख, उरलेले दर वर्षी एक लाखाच्या हप्त्याने. हे हप्ते लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरूनच सगळं अडलं.

आता मुद्द्याची गोष्ट, वयाची. रोमन चर्चच्या कायद्यात मुलीचं लग्नाचं वय बारा आणि मुलाचं चौदा होतं. सात वर्षांनंतर वाङ्‌निश्चयाला थोडाफार अर्थ यायचा, पण बारा पूर्ण होईपर्यंत झालेलं लग्न कच्चंच. बारा झाल्यावर मुलगी ‘नाही’ म्हणू शकत असे. तिने ‘नाही’ म्हटलं नाही आणि नवऱ्यासोबत राहिली, तर लग्न पक्कं, मग मरेपर्यंत सुटका नाही. आपल्याकडे हा बाराचा आकडा ओळखीचा वाटेल. 1891च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाचं बारा केलं आणि त्यावरून पुण्या-मुंबईत केवढं रणकंदन झालं! पण फरक बघा. आपल्याकडे वादाचा विषय होता नवऱ्याने तिच्या अंगाला कधी हात लावावा हा, लग्न तर आधीच झालेलं आणि न मोडणारं. तिकडे बारा हे वय खुद्द लग्नच पक्कं होण्याचं होतं. म्हणजे इझाबेलाच्या बाबतीत 9 नोव्हेंबर 1401 ही तारीख पॅरिस आणि लंडन या दोन्ही दरबारांत सगळ्यांना पाठ होती. तिच्या आयुष्यातलं कुठलंही वळण घ्या आणि ते या तारखेपासून किती दूर आहे ते मोजा. मी विद्यार्थ्यांना हेच करायला लावते.

मागणी घालायला इंग्लंडचा अर्ल मार्शल थॉमस मोब्रे पॅरिसला आला. तो गुडघे टेकून म्हणाला, देवाच्या मनात असेल तर आपण आमच्या राणीसाहेब व्हाल. मुलीचं उत्तर फ्रुआसारने दिलं आहे : देवाची आणि माझ्या वडिलांची इच्छा असेल तर मला आवडेल, कारण मी मोठी बाई होईन असं मला सांगतात. मग तिने त्याला हाताला धरून उठवलं आणि आईकडे घेऊन गेली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, असंही तो आवर्जून लिहितो. माझा यावर पुरता विश्वास नाही. बखरकार लहानग्यांच्या तोंडी असली गोड वाक्यं घालतातच. पण ‘मला सांगतात’ हे दोन शब्द मात्र खरे असावेत असं मला नेहमी वाटत आलंय. सहा वर्षांच्या पोरीला राणीपणाबद्दल माहीत असतं ते एवढंच.

मार्च 1396मध्ये पॅरिसला नवऱ्याच्या गैरहजेरीत लग्न लागलं. नवऱ्याच्या जागी मोब्रेच उभा होता. प्रत्यक्ष पाठवणी त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पण इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले शहराजवळ, आर्द्र नावाच्या गावाबाहेरच्या मैदानात. दोन्हीकडे तंबूंची नगरं उभी राहिली, दोन्ही राजांबरोबर चारचारशे सरदार, आणि मधून दोन राजे एकमेकांकडे चालत आले. चार्ल्स त्या दिवसांत शुद्धीवर होता. मुलीला इंग्लंडच्या दोन सरदारणींच्या हाती सोपवलं, एक लँकेस्टरची डचेस, दुसरी ग्लॉस्टरची. यातली लँकेस्टरची डचेस म्हणजे कॅथरिन स्विनफर्ड. कित्येक वर्षं रिचर्डचा काका जॉन ऑफ गाँट याची रखेली म्हणून राहिलेली आणि त्याच वर्षी लग्नाची बायको झालेली. बाकीच्या सरदारणी तिच्या मागे चालायला लागणार म्हणून नाकं मुरडत होत्या. म्हणजे नव्या राणीला सांभाळायला मिळाली ती जिच्यावरून दरबार कुजबुजत होता तीच बाई. कॅलेच्या सेंट निकोलस चर्चमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत लग्न झालं. नवरा 29 वर्षांचा, नवरीचा सातवा वाढदिवस काही दिवसांवर.

लंडनला नवी राणी बघायला एवढी झुंबड उडाली की लंडन ब्रिजवर चेंगराचेंगरीत नऊ माणसं मेली, त्यात टिपट्री मठाचा एक मठाधिपतीही होता. जानेवारी 1397मध्ये वेस्टमिन्स्टरला तिच्या डोक्यावर मुकुट चढला.

आता, ती करायची काय? आपल्याकडे लग्न झालेली लहान मुलगी न्हाण येईपर्यंत बहुधा माहेरीच असायची, सणावाराला सासरी जाऊन यायची. इझाबेला मात्र लग्नापासून थेट सासरी. पण संसार नव्हता. तिचा स्वतंत्र गोतावळा विंडसर आणि इतर गढ्यांतून राहायचा आणि रिचर्ड भेटायला जायचा. तो तिच्याशी लाडाने वागे यावर त्याचे शत्रूही फारसे वेगळं बोलत नाहीत. लेकीसारखं म्हणा, धाकट्या बहिणीसारखं म्हणा. इंग्लंडच्या राणीचं एक जुनं काम असायचं, राजाचा राग निघाला की गुडघे टेकून दयेची याचना करायची, म्हणजे राजाला कमीपणा न येता माफी देता येते. 1392मध्ये लंडनकरांसाठी ॲनने हे केलं होतं. सात-आठ वर्षांच्या मुलीकडून ते कसं व्हायचं? नेमक्या त्याच काळात, 1397 ते 1399, रिचर्ड बेफाम सुटला. एका काकाचा कॅलेत कैदेत असताना अंत झाला, एका बड्या सरदाराचं डोकं गेलं, काही हद्दपार झाले. दरबारात त्याला थांबवायला जाणती राणी असती तर काही फरक पडला असता का, यावर वाद घालता येईल. मला वाटतं, पडला असता, पण थोडाच.

लहान राणीचं घर कसं चालायचं ते दाखवणारी एक जागा मला फार आवडते. तिची शिक्षिका-पालक होती लेडी द कूर्सी. 1399मध्ये आयर्लंडच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी रिचर्डने तिच्याबद्दल विचारपूस केली आणि तक्रारींचा पाढा वाचला गेला. एक फ्रेंच बखर तो देते : बाईंच्या तैनातीला अठरा घोडे, शिवाय नवरा येईल-जाईल तेव्हाची सरबराई वेगळी. दोन-तीन सोनार, सात-आठ भरतकाम करणारे, दोन-तीन कापड बेतणारे, दोन-तीन फरचे कारागीर रोज तिच्यासाठी कामाला. वर 1400 नोबल (इंग्लंडची सोन्याची नाणी) खर्चून प्रार्थनामंदिर बांधायला घेतलेलं. राजाने तिची देणी भागवली आणि घरी पाठवून दिलं.

या यादीत मुलगी कुठेच नाही, आणि मला नेमकं तेच महत्त्वाचं वाटतं. राणीच्या नावाने एक अख्खं खातं उघडतं, त्यावर दोन-चार डझन माणसांची पोटं चालतात, आणि खात्याची मालकीण बाजूला कुठेतरी धडे गिरवत असते. मात्र ती नसेल तर खातं बंद. म्हणून प्रत्येकाला ती हवी असते, जिवंत आणि आपल्या ताब्यात.

अशीच एक नोंद पॅरिसच्या हिशेबात आहे. 1396 साली दरबारी शिंपी रोबेर द व्हारेन याला इंग्लंडच्या राणीकरता बाहुल्यांचे कपडे शिवल्याबद्दल 459 फ्रँक दिले गेले. ही नोंद वाचली की गळा दाटतो, पण जरा थांबा. एवढ्या रकमेत भातुकलीची बाहुली येत नाही. त्या काळी पॅरिसची नवी फॅशन परदेशी दरबाराला दाखवायला कपडे घातलेल्या मोठ्या बाहुल्या पाठवत. तेव्हा ही खेळणी होती की आजच्या भाषेत कॅटलॉग? मी कॅटलॉगच्या बाजूने आहे. पण सात वर्षांच्या मुलीच्या दालनात तो कॅटलॉग पोचल्यावर ती त्याच्याशी खेळली नसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

मे 1399च्या सुमारास विंडसरला नवरा-बायकोची शेवटची भेट झाली. तीच फ्रेंच बखर सांगते की चर्चमधून बाहेर पडल्यावर दोघांनी थोडी वाइन आणि मिठाई घेतली, मग रिचर्डने तिला उचलून घेतलं, पुन्हा पुन्हा पापे घेतले आणि ‘मादाम, पुन्हा भेटेपर्यंत’ म्हणाला. बखर रिचर्डच्या बाजूची आहे, रंग चढवलेला असणार. पण दहाव्या वर्षातल्या मुलीला उचलून घेणं हा तपशील नवऱ्याचा वाटत नाही, घरातल्या मोठ्या माणसाचा वाटतो, म्हणून तो मला पटतो.

पुढचं भराभर घडलं. जुलैच्या सुरुवातीला हद्दपार केलेला चुलतभाऊ हेन्री बोलिंगब्रोक यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर उतरला. ऑगस्टमध्ये रिचर्ड त्याच्या हाती सापडला. 30 सप्टेंबरला तो राजा राहिला नाही, हेन्री चौथा हेन्री झाला. इझाबेलाला आधी वॉलिंगफर्डच्या किल्ल्यात हलवलं होतं, नंतर थेम्सकाठी सॉनिंगला बिशपच्या वाड्यात ठेवलं. जानेवारी 1400मध्ये रिचर्डच्या बाजूच्या सरदारांनी उठाव केला. हेन्रीला विंडसरला धरायचा बेत फसला, आणि पळता पळता ते सॉनिंगला आले. राणीसमोर त्यांनी मोठ्या आवेशात सांगितलं की हेन्री पळाला, रिचर्ड सुटलाय. तिथल्या माणसांच्या अंगावरची हेन्रीची बिल्ले-पदकं त्यांनी ओरबाडून काढली. त्यात राणीनेही हात घातला असं काही जण रंगवून लिहितात, ते मी सोडून देते. एवढं खरं, की त्या रात्री वाड्यात एका मुलीला सांगितलं गेलं, तुझा राजा येतोय. दोन दिवसांत उठाव मोडला, सरदारांची मुंडकी उडाली. आणि त्या उठावामुळेच रिचर्डला जिवंत ठेवणं परवडेनासं झालं. फेब्रुवारीत तो पाँटफ्रॅक्टच्या किल्ल्यात मेला. बहुधा उपाशी ठेवून मारला.

दहाव्या वर्षी वैधव्य. आपल्या मनात लगेच बालविधवेचं चित्र उभं राहतं : लाल आलवण, केशवपन, कोपऱ्यातली खोली. ते इथे लावू नका. तिकडे विधवा राणीचा मान राहायचा, तिला उत्पन्न मिळायचं, पुनर्विवाह तर गृहीतच धरलेला. तिची अडचण उलटी होती, तिच्या पुनर्विवाहाची सगळ्यांना घाई होती. हेन्रीला ती आपल्या थोरल्या मुलासाठी, युवराज हेन्रीसाठी हवी होती. तो तेरा-चौदा वर्षांचा, जोडा तसा बरा. शिवाय ती सून झाली की हुंडा परत करायचा प्रश्नच मिटला.

इथे हप्त्यांचा घोळ येतो. करारानुसार मुलगी लग्न पक्कं होण्याआधी विधवा झाली तर मोठी रक्कम परत द्यायची होती. फ्रान्सने दोन लाख फ्रँक मागितले. इंग्लंडने जुनी वही काढली : 1356मध्ये प्वातियेच्या लढाईत तुमचा राजा जाँ आम्ही पकडला होता, त्याच्या खंडणीची बाकी अजून यायची आहे, ती आधी द्या. पणजोबाच्या खंडणीत पणतीचा हुंडा वळता करून घेणं! दागिन्यांचंही तेच. ते हेन्रीच्या मुलाबाळांत वाटले गेले होते, परत करायला सांगतो असं तो म्हणत राहिला.

आणि मुलगी? फ्रेंच वकिलांना तिला भेटू दिलं, पण रिचर्डचा विषय काढायचा नाही या अटीवर. पॅरिसहून तिला निरोप होता, कशालाही ‘हो’ म्हणू नकोस. ती म्हणाली नाही. ‘तिचं मत होतं का’ या प्रश्नाचं उत्तर मी इथे देते. बाराच्या आतल्या मुलीच्या होकाराला कायद्यात वजन नव्हतं, पण बारा पूर्ण झाल्या दिवसापासून ते येणार होतं. त्यामुळे हेन्रीला तिला धमकावता येईना आणि पॅरिसला तिला तिथे राहू देववेना. 9 नोव्हेंबर 1401च्या पुढे ती इंग्लंडातच राहिली आणि कुणी तिच्याकडून होकार वदवून घेतला, तर सगळंच बदललं असतं. तिचं गप्प राहणं ही त्या दोन वर्षांतली एक राजकीय कृती होती. तिला ती किती कळत होती हा भाग वेगळा.

अखेर 1401च्या उन्हाळ्यात हेन्रीने तिला सोडलं. लंडनमधून निघताना अस्कचा ॲडम नावाचा वकील-बखरकार तिथे होता. हा हेन्रीच्या पक्षाचा माणूस, म्हणून त्याची साक्ष मोलाची. तो लिहितो की ती काळ्या वस्त्रांत होती, हेन्रीकडे तिने जळजळीत नजरेने पाहिलं आणि तोंडातून जेमतेम शब्द काढला. 31 जुलैला कॅले आणि बुलोन्यच्या मध्ये लूलिंगहेमला तिला फ्रेंचांच्या स्वाधीन केलं. अर्ल थॉमस पर्सीने जाहीर केलं की जशी मिळाली तशीच परत देतो आहोत, लग्नाच्या सर्व बंधनांतून मोकळी. म्हणतात, तो रडत होता.

पुढच्या आठ वर्षांबद्दल थोडक्यात. रिचर्ड स्कॉटलंडमध्ये जिवंत आहे अशा अफवा होत्या, तेव्हा त्या तपासायला फ्रान्सने माणूस पाठवला. 29 जून 1406 रोजी काँपिएन्यला तिचं दुसरं लग्न झालं, चुलतभाऊ शार्ल द ओर्लेआँशी. या वेळी ती सोळा आणि तो अकरा. लग्नात ती खूप रडली, असं एका फ्रेंच बखरकाराने लिहिलंय. राणीची डचेस होणार म्हणून, असा लोकांचा तर्क. मला दुसरंही कारण दिसतं : पुन्हा एकदा वय होण्याची वाट बघणं, फक्त या खेपेला नवऱ्याचं. नोव्हेंबर 1407मध्ये सासऱ्याचा पॅरिसच्या रस्त्यात खून झाला. डिसेंबरात सासू व्हॅलेंटिना विस्कोंती काळी वस्त्रं नेसून न्याय मागायला राजापुढे गेली, तेव्हा इझाबेला तिच्यासोबत होती. म्हणजे आपल्याच वेड्या बापापुढे गुडघे टेकायला. राजाच्या रागापुढे दयेची याचना करणं इंग्लंडात तिला कधी जमवता आलं नव्हतं, ते सूडाची मागणी होऊन इथे वाट्याला आलं. न्याय मिळाला नाही.

13 सप्टेंबर 1409 रोजी ब्ल्वा इथे बाळंतपणात ती गेली. वय एकोणीस. मुलगी जगली, तिचं नाव जान.

एक राहिलं. ज्या युवराजाला तिने होकार दिला नाही, तो पुढे पाचवा हेन्री झाला. 1415मध्ये आजँकूरच्या लढाईत त्याने तिच्या दुसऱ्या नवऱ्याला पकडून इंग्लंडला नेलं आणि शार्ल तिथे पंचवीस वर्षं कैदेत राहिला. 1420मध्ये याच हेन्रीने तिच्या धाकट्या बहिणीशी, कॅथरिनशी, लग्न केलं. 1401च्या ऑगस्टमध्ये इझाबेला माहेरी पोचली तेव्हा आई गरोदर होती. कॅथरिन जन्मली 27 ऑक्टोबरला, इझाबेलाला बारा पूर्ण व्हायला तेरा दिवस बाकी असताना.